चांदीचे देवक

आमच्या मूळ गावचा, नंदिगड्ड्याचा, मोबाईल टॉवर वारंवार बंद पडतो, याबद्दलची आणखी एक नोंदणीकृत तक्रार पाठवून मी रामनगरच्या पोस्टातून बाहेर पडत होतो आणि धाकट्या भावाचा फोन आला. आमची बहीण कुसुम गेली होती. टॉवर बंद, म्हणून हे कळवण्यासाठीही त्याला गावातून गणेशगुडीपर्यंत यावे लागले. मरणाची बातमी अशी वाटेत तिष्ठत ठेवणे कोणत्या नियमात बसते, याचे उत्तर संबंधितांनी अद्याप दिलेले नाही...

आईच्या रक्तातून आलेल्या स्नायूंच्या आजाराने कुसुमचे पाय तरुणपणीच गेले. तिने लग्न केले नाही; का, ते आम्ही कधी विचारले नाही. अलीकडे पुतणीने तिला मोबाईलवरचा घोडे पाळण्याचा खेळ शिकवला. रेंज मिळे ती फणसाखाली. तिथेच खुर्ची टाकून ती आपला तबेला सांभाळी. त्या खेळात लोक घोडी कोणत्याही घोड्याला दाखवतात आणि रंग मनाजोगा न आल्यास शिंगरू बाजारात सोडून देतात. हा बेबंदपणा पाहून मी कंपनीला खरमरीत पत्र लिहिले. कुसुमने मात्र सरळ कायदा केला. खेळातल्या प्रत्येक वंशाला तिने देवक दिले: कळंब, मोर, वड. एका देवकात सोयरीक नाही. घोडीला पुरेसा विसावा. जागा नसेल तर शिंगरू नाही.

"तात्या, बेळगावचा एकजण माझी घोडी मागायलाय. दोघांचं देवक कळंब. भावाबहिणीचं लगीन लावू व्हय?"

"अगं, चित्रातली जनावरं ती."

"म्हणून कसंबी वागायचं? आन् तू गावभर कायदा शिकवत फिरतोस."

तिची पांढरी घोडी, चांदी, सर्वांत देखणी. मागण्याही तिलाच फार. पण त्या वंशात पायांचा दोष उतरत होता. "हिला शिंगरू नको, तात्या. हितंच संपू दे," असे म्हणून कुसुमने पायांवरची चादर सारखी केली. आम्ही न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले...

मालक फिरकला नाही, तर त्याचे घोडे लिलावात काढावेत असा खेळाचा नियम आहे. म्हणजे चांदी कुणाच्याही हाती जाणार. मी कंपनीला पत्रांमागून पत्रे लिहिली. उत्तरे यंत्राने दिली. म्हणून आता दर आठवड्याला नंदिगड्ड्याला जातो. कुसुमचा फोन माझ्या घरी आणता आला असता, पण त्या घोड्यांना दाणा फणसाखालच्या खुर्चीतूनच घालावा, असे वाटते.

परवा चांदीला पुन्हा मागणी आली. जन्मभर पानेच्या पाने खरडली, त्या दिवशी एकच ओळ लिहिली: "देवक एक आहे, सोयरीक होणार नाही."

समोरच्या घोड्याचे देवक मी पाहिलेसुद्धा नव्हते.