द्राक्षांच्या रांगेतला वाल

गुणाजीकाका म्हणजे माझ्या वडिलांचा थोरला भाऊ. कोकणातल्या खांब गावच्या आमच्या घरात त्याचा विश्वास कुणावरच नव्हता. म्हैस घरची, काढणारी त्याचीच बायको हौसाकाकू, तरी दुधात बोट बुडवून बघायचा. लोक हसायचे, मीही हसायचो. पण त्या संशयाचं मूळ मला ठाऊक होतं.

घरामागचा उतार मूळचा खोताचा. आमचा आजा बाबाजी तो कूळ म्हणून कसायचा. कूळकायदा आला, कसणाऱ्याचं नाव लागलं, जमीन आमची झाली. म्हातारा खोत शेवटचा एकदा ती बघायला आला आणि उन्हात बराच वेळ उभा राहिला. बाबाजीने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. काका तेव्हा बारा वर्षांचा होता. तेवढ्यावरून तो एक गोष्ट शिकला, की जो कसतो तो गिळतो. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात म्हणतात. इथे तोंड पोळलं होतं खोताचं आणि फुंकून पीत होता काका.

२००५ साली नाशिककडचे पुंडलिकराव आले. त्यांची घरची वायनरी होती, मुलगा-सून हाताशी. कोकणच्या पावसात द्राक्ष तगतं का, ते त्यांना बघायचं होतं. उतारावर पाणी थांबत नाही, म्हणून आमची जमीन पाच वर्षांच्या कराराने हवी होती. काकाने तो कागद वर्षभर उशाखाली ठेवला.

"आपन खोताचं केलं, तेच हा आपलं करील," तो वडिलांना म्हणायचा. वडील कंटाळले, तेव्हा कुठे सही झाली.

माती तपासायला पिशवीभर नेली, तर काका आडवा. "गेली ती परत आली पायजे!" पुंडलिकरावांनी महिन्याने पिशवी खरंच आणून दिली. काकाने चिमूट हातावर घेतली. "रंग फिका हाय," म्हणाला.

वेली तारांवर चढल्या. मग एका ऑक्टोबरात पुंडलिकरावांच्या माणसांनी त्या हिरव्यागार वेली छाटून नुसत्या काड्या ठेवल्या. नाशिककडे फळ धरायला अशीच छाटणी करतात. आमच्याकडे जिवंत वेलाला कुणी कात्री लावत नाही, दुधीच्यासुद्धा. काकाची खात्रीच पटली.

"द्राक्षं नकोतच त्याला. जमीन पायजे."

भातकापणी झाल्याबरोबर त्याने द्राक्षांच्या रांगांमधून वाल टोचला. पाणी पुंडलिकरावांच्या ठिबकचं, वाल आमचा. तलाठी पीक बघायला आला की आमचंच पीक दिसावं, हा बेत. तीन वर्षं हेच चाललं. वाल त्यांच्या तारांवर चढला, शेंगांनी लगडला आणि मी शरमेने मेलो. पुंडलिकराव बघून पुढे जायचे.

"गप बसतो म्हंजे डाव मोठा हाय," काका म्हणायचा.

पावसाने मात्र पुंडलिकरावांना सोडलं नाही. दरवर्षी पानांवर केवडा नावाचा बुरशीचा रोग पडायचा. चौथ्या वर्षी जुलैभर झड लागली आणि बाग कुजली. पाऊस संपल्यावर त्यांनी तारा गुंडाळल्या, करार मुदतीआधीच सोडला आणि एक ताजा सातबारा काकाच्या हातात दिला. काकाने तो माझ्याकडे सरकवला.

"वाच. नीट वाच."

मी वाचला. तिन्ही वर्षं पीक वाल, कसणारा खुद्द मालक. द्राक्षाचा शब्दही नव्हता.

"ह्ये कुनी लिवलं?"

"मी सांगितलं तलाठ्याला," पुंडलिकराव म्हणाले. "वाल दिसला तेव्हाच तुमची भीती कळली. तोंडाने सांगितलं असतं, तर तुम्हाला पटलं असतं का?"

पुंडलिकराव रिकाम्या उताराकडे बघत उन्हात उभे राहिले. चार वर्षांची मेहनत मातीत गेली होती. मग ते हळूहळू जीपकडे चालू लागले.

काका त्यांच्याकडे बघत होता. "खोत असाच उभा होता रे," तो मला म्हणाला. मग एकदम ओरडला, "ओ शेठ! थांबा! पानी तरी पिऊन जावा!"

आणि कुणाला हाक न मारता, स्वतःच घरात तांब्या आणायला धावला.