ओळख पटलेली कंपनी

दहिसर चेकनाक्याजवळच्या पुनर्वसन इमारतीत तळमजल्यावर एक काकू राहायच्या. नात्याने माझ्या कुणीच नाहीत. घरी बसून मराठी टायपिंग करायच्या: सोसायटीच्या नोटिसा, दिंडोशी कोर्टात द्यायची प्रतिज्ञापत्रं, पूजेची निमंत्रणं आणि आमची पत्रकं. आम्ही म्हणजे नवं घर मिळेपर्यंत म्हणून संक्रमण शिबिरात नेऊन वर्षानुवर्षं सडवलेल्या लोकांसाठी भांडणारी चार-पाच पोरंपोरी. मी लिहायचे, काकू टाइप करायच्या, आणि करता करता मला झापायच्या.

"उद्गारचिन्हं कमी कर गं. बिल्डर ती बघून पळणार नाही."

काकांची गिरणी कधीच गेली होती, मग काकाही गेले. मुलगा मुलुंडला, नोकरी अंधेरीत. आई, चल आमच्याकडे, हे त्याचं दर रविवारचं. आणि काकूंचं उत्तर ठरलेलं: हातात काम आहे तोवर मी इथेच. म्हणजे ते टेबल चालू होतं तोवर काकू स्वतःच्या घरात होत्या. टेबल बंद, की मुलुंड. एवढंच होतं त्यांचं, आणि ते गेलं. कसं गेलं ते लिहितेय, कारण जो भेटतो तो म्हणतो, म्हाताऱ्या माणसांना कॉम्प्युटर जमत नाही. साफ खोटं आहे.

सुरुवात जाहिरातींनी झाली. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात आपोआप चौकट उघडायची. आधी रमी, मग वजन कमी करा, मग अर्धवट कपड्यांतल्या बायका. काकूंनी त्या कोपऱ्यावर हातरुमाल टाकला. रुमाल टाकून टाइप करायच्या. एक दिवस एक मुलगी वडिलांना घेऊन आली. नवऱ्याविरुद्ध कोर्टात जायचं होतं, प्रतिज्ञापत्र हवं होतं. काकू तिचं ऐकून घेत होत्या, आणि अख्खा स्क्रीन भरून एक बाई हिंदीत लाडिक बोलायला लागली. मोठ्याने. वडील उठले.

"घरगुती आहे म्हणून आलो होतो," एवढंच म्हणाले आणि मुलीला घेऊन गेले.

त्यानंतर इमारतीत कुजबुज. गिऱ्हाईक कमी. काकूंनी मला बोलावलं तेव्हा मॉनिटर भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. शिक्षा केलेल्या मुलासारखा.

मला फार काही येतं असं नाही. पण एक गोष्ट शिकले होते. संशयास्पद फाइलवर उजवं क्लिक करायचं, प्रॉपर्टीज उघडायच्या. तिथे डिजिटल सिग्नेचर्स नावाचा कप्पा असतो. फाइल ज्या कंपनीची, तिची सही तिथे दिसते. ही पेनाची सही नव्हे. प्रमाणपत्रं विकणारी एक तिसरीच कंपनी कागदपत्रं बघून सांगते, की हे नाव खरं आहे आणि सही झाल्यावर फाइलमध्ये कुणी ढवळाढवळ केलेली नाही. कप्पाच नसेल तर सही नाही. आणि सही नाही म्हणजे संशय घ्या, असं सगळे शिकवतात.

म्हणून चालू असलेले प्रोग्रॅम एकेक तपासायला बसले. बिनसहीचा पहिलाच सापडला.

"काकू, हा कोण? ह्याला काढते."

त्यांनी माझा हात माउसवरून उचलून बाजूला ठेवला. "हात लावू नकोस. ते माझं पोट आहे."

तो त्यांचा टायपिंगचा प्रोग्रॅम होता. घाटकोपरच्या एका गृहस्थांनी घरी बसून बनवलेला, जुन्या मराठी टाइपरायटरच्या कळफलकाचा. काकूंची बोटं त्याच्यावरच तयार झालेली. तो बनवणारा माणूस करोनात गेला. जिवंत असता तरी दरवर्षी परदेशी कंपनीला पैसे भरून स्वतःच्या नावाची सही विकत घेत बसला नसता.

पुढे गेले. 'अपडेटर' नावाची एक साधीभोळी फाइल सारखी चालू होती. कप्पा उघडला. सही होती. कधी न ऐकलेली कंपनी, कुठल्यातरी परक्या देशातली, आणि खाली लिहिलेलं: ही सही वैध आहे. मी ती फाइल बंद केली, जाहिरात बंद. चालू केली, बाई पुन्हा बोलायला लागली.

ती फाइल आली कुठून, तर सरकारी कामांना काकूंचा जुना फाँट चालेनासा झाला होता. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडणारं मराठी, हवं म्हणायचे. जुना मजकूर बदलून देणारा फुकट प्रोग्रॅम काकूंनी शोधला, आणि त्या पानावरचं सगळ्यात मोठं हिरवं बटण दाबलं; ते त्या प्रोग्रॅमचं नव्हतंच.

"कॉम्प्युटरने विचारलं असेल ना, परवानगी देऊ का म्हणून?"

"विचारलं की. माझ्या टायपिंगच्या वेळी पण विचारायचा. पिवळी पट्टी यायची, अनोळखी म्हणायचा, मी हो म्हणायचे. ह्याला निळी पट्टी होती. नाव होतं, ओळख पटलेली आहे असं होतं." मग त्यांचा आवाज बारीक झाला आणि मालवणीवर आल्या. "माका वाटला, बरा झाला, एकदाचो कोणतरी नावगाव सांगून इलो."

सांगा, काय चुकलं त्यांचं? नाव वाचलं, पट्टी बघितली, मग हो म्हटलं. अजून काय करायचं माणसाने?

ती सही एका बाबतीत उपयोगी पडली. त्याच नावाच्या सहीच्या फाइली शोधत गेले, तर वेगवेगळ्या फोल्डरांत वेगवेगळी नावं घेऊन बसलेल्या सापडल्या. 'हेल्पर', 'सर्व्हिस', असल्या सभ्य नावांच्या. सगळ्या काढल्या. जाहिराती थांबल्या. काकूंनी रुमाल धुवायला टाकला. मी प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीला तक्रार लिहिली.

आणि रविवारी मुलगा आला. झालेलं ऐकून म्हणाला, असं वरवर काढून भागत नाही. काकू वरच्या मजल्यावर हळदीकुंकवाला गेल्या होत्या. त्याने तेवढ्यात कॉम्प्युटर पुसून कोरा केला. आईच्या सगळ्या फाइली आधी पेनड्राइव्हवर नीट घेतल्या होत्या, तेवढं खरं. टायपिंगचा प्रोग्रॅम घेतला नाही.

मी फोनवर त्याला म्हटलं, "अरे, एकदा विचारता नाही आलं?"

"सही नव्हती त्याच्यावर. मला वाटलं तोच व्हायरस. आमच्या ऑफिसात असलं काही चालूच देत नाहीत."

"आणि जाहिरातवाल्यावर होती. पूर्ण, वैध."

"मग?"

"मग काय मग, यार."

प्रोग्रॅम पुन्हा टाकायला किल्ली-क्रमांक लागायचा, तो ते घाटकोपरचे गृहस्थ फोनवर द्यायचे. कुणाला फोन करणार? जुना फाँटही प्रोग्रॅमबरोबर पुसला गेला होता, त्यामुळे जुन्या फाइली उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. मी युनिकोडवाला टाइपरायटरचा कळफलक टाकून दिला. काकूंनी आठवडाभर प्रयत्न केला. काही अक्षरं दुसऱ्याच कळांवर गेली होती, प्रत्येक ओळीत बोट अडखळायचं. एक साधी नोटीस करायला अख्खी दुपार गेली. गिऱ्हाईक ताटकळून निघून गेलं.

"माझे हात परक्याचे झाले गं," म्हणाल्या. रडल्या नाहीत. कळफलकावर कापड घातलं.

प्रमाणपत्रवाल्यांचं उत्तर नंतर आलं. सदर कंपनीची ओळख योग्य रीतीने पडताळलेली आहे, फाइल काय करते ह्याची जबाबदारी आमची नाही. म्हणजे नाव खरं असलं की झालं. खरं नाव लावून घरात शिरा आणि लुटा.

काकू मुलुंडला गेल्या. सून चांगली आहे, नातू आहे, काम कुणी सांगत नाही. मी भेटायला गेले तेव्हा बाल्कनीत लसूण सोलत होत्या. त्यांचा मोबाइल वाजला. दहिसरचं कुणीतरी होतं, प्रतिज्ञापत्रासाठी.

"नाही हो, आता करत नाही," त्या म्हणाल्या. पलीकडचा माणूस बहुतेक दुसरं कुणी आहे का विचारत होता. काकूंनी हातातली सोललेली पाकळी ताटलीत टाकली. मग म्हणाल्या, "माझ्या ओळखीचं कुणी नाही," आणि फोन ठेवून पुढची पाकळी घेतली.