तीनदा विचारायचं असतं

आर्डिस टोलेफसन ॲरिझोनाला राहायला गेली ती तिच्या मनगटापायी. मिनेसोटातल्या आमच्या गावात, स्वतःच्याच दारातल्या बर्फावर घसरून तिने ते मोडून घेतलं, आणि तिच्या मुलाने, कर्टिसने, दोन्ही राज्यं तागडीत घातली. तिकडे जानेवारीत ऊन, इकडे उणे तीस. तिकडे दवाखाना हाकेच्या अंतरावर, इकडे पाऊण तास गाडी हाकायची, तीही रस्ता मोकळा असेल तर. तिकडे करसुद्धा कमी. कर्टिसचं सगळं बरोबर होतं, आणि याचाच मला राग यायचा. माझी जन्माची शेजारीण उचलून नेली आणि भांडायला एक मुद्दा म्हणून शिल्लक ठेवला नाही!

दीड वर्षाने, फेब्रुवारीत, मी तिला भेटायला गेले. अंगणात संत्र्याचं झाड, तिच्या गालांवर रंग, मनगट ठणठणीत. पण बाई बोलायला लागली ती थांबेचना. एरवी आमची आर्डिस चार वाक्यांत दुपार काढणारी. मग स्वयंपाकघरात केकचा ट्रे दिसला. आमच्याकडे शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. एकजण अर्धा कापून घेतो, दुसरा उरलेल्यातला अर्धा, आणि शेवटी बोटाच्या पेराएवढा उरतो. त्या ट्रेमध्येही पेराएवढा तुकडा उरला होता. घरात ती एकटीच. कुणासाठी ठेवला होता कोण जाणे.

"शेजारपाजार नाही का गं इथे?" मी विचारलं.

"आहे ना. समोरची गेल. दर गुरुवारी तिच्याकडे बायका पत्ते खेळतात. मी आले त्याच आठवड्यात तिने बोलावलं होतं मला."

"मग?"

"मी म्हटलं, नको हो, उगाच तुम्हाला त्रास."

"बरोबर. मग?"

"मग ती 'बरं' म्हणाली आणि गेली." आर्डिसचा आवाज बारीक झाला. "मी निळा ब्लाउज इस्त्री करून ठेवला होता, लवर्न."

मिनेसोटात पहिल्या नकाराला कुणी नकार मानत नाही. पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'बघते', आणि तिसऱ्यांदा विचारलं की कोट चढवायचा. पहिल्याच बोलावण्याला 'हो' म्हणणारं माणूस हावरट ठरतं. दीड वर्ष आर्डिस दुसऱ्या बोलावण्याची वाट बघत होती आणि दर गुरुवारी समोरून हसण्याचे आवाज ऐकत होती.

मी तडक गेलच्या दारात. बाई कॅलिफोर्नियाची, मोकळीढाकळी, मनाने मुळीच वाईट नाही.

"अगं बाई! तिला एकटं राहायला आवडतं ना? मी तर सगळ्यांना बजावून ठेवलंय, तिला अजिबात छळायचं नाही म्हणून."

"तिला तीनदा विचारावं लागतं."

"तीनदा?" गेल खो-खो हसत सुटली. "आमच्याकडे नाही म्हणजे नाही!"

पण गुरुवारी ती आली. दारातूनच ओरडली, "आर्डिस, येतेस का? येतेस का? येतेस का? घे, झालं तीनदा!"

तिला वाटलं गंमत केली. आर्डिस कानापर्यंत लाल झाली. अंगात तिने तो निळा ब्लाउज घातला होता.

"आज जरा डोकं दुखतंय हो," ती म्हणाली.

"अरेरे. बरं, आराम कर मग!" गेल गेलीसुद्धा.

आर्डिसने दार लावलं. "तू सांगितलंस ना तिला? मला भीक मागायला लावलीस, लवर्न."

आग्रह शिकवून करवून घेता येतो असं मला वाटलं होतं. ती आत जाऊन ब्लाउज बदलून आली आणि आम्ही दोघी कॉफी प्यायलो.

निघायच्या दिवशी आमचा निरोप रीतसर सुरू झाला. आमच्या लोकांना एकदा निरोप घेऊन भागत नाही. खुर्चीतून उठताना एकदा, दारात पुन्हा, आणि गाडीच्या काचेतून परत. मी टॅक्सीत बसले तरी आर्डिस काचेवर हात ठेवून उभी.

"उन्हाळ्यात ये की माझ्याकडे राहायला," मी म्हटलं. आता ती 'नको गं, तुला कशाला त्रास' म्हणणार. माझे पुढचे दोन आग्रह तयार होते. तिच्यासाठी मागची खोली रंगवून घेते म्हणणार होते.

"हो," आर्डिस म्हणाली. "येते."

एवढ्या वर्षांत पहिल्या बोलावण्याला ती कधी, कुणाला, हो म्हणाली नव्हती. माझे दोन्ही आग्रह तोंडातच राहिले. टॅक्सी वळेपर्यंत ती तशीच उन्हात उभी होती, आणि मला रडू आवरेना. आमच्याकडे उन्हाळा यायला अजून चार महिने होते.