सातीबाल्दीच्या कुबड्या

नारीन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या गावात कुबड्या हव्या असल्या की लोक झूराकानचं दार वाजवत. कापणीच्या यंत्रात उजवा पाय गेला तेव्हा ती तेहेतीस वर्षांची होती, आता साठीला टेकली. बर्चचं लाकूड ती दोन हिवाळे वाळवायची, काखेखाली मेंढीचं कातडं लावायची आणि माप घेताना गिऱ्हाइकाचे बूट काढायला सांगायची. घरात बूट घालून कोणीच शिरत नाही, म्हणून कुबडी घरच्या मापाची. बाहेर जाताना टोकाला चढवायला रबराचा जाड गट्टू वेगळा.

सातीबाल्दीचं माप मात्र तिने बुटासकट घेतलं.

अकरा वर्षांपूर्वी तिचा उरलेला गुडघाही धरला, तेव्हा जिल्ह्याहून तिच्या नावाने चाकाची खुर्ची आली होती. सातीबाल्दी गावचा प्रमुख. त्याने तिच्या नावाने सही ठोकली आणि खुर्ची स्वतःच्या सासूच्या अंगणात नेली. सासू धडधाकट, खुर्चीवरून बटाट्याची पोती वाहायची. झूराकान तीन हिवाळे बर्फातून हातांवर सरपटत परसाकडे जायची.

आता घोड्यावरून पडून सातीबाल्दीचा पाय मोडला होता, आणि धाकट्या मुलाचं लग्न आठ दिवसांवर.

"झूराकान, सगळ्या सोयऱ्यांदेखत मी स्वतः मानाच्या जागेवर जाऊन बसणार. कुणी उचलून नेलं तर मी मेलोच म्हणून समज. बूट काढू ना?"

"राहू द्या, बाइके," ती दादा म्हणावं तशा आदराने म्हणाली. "दुखऱ्या माणसाला कशाला वाकवायचं?"

लग्नाच्या सकाळी कुबड्या पोचल्या. अंगणात सातीबाल्दी असा ताठ चालला की म्हातारे म्हणाले, "लेका, नवरदेव तूच शोभतोस!"

उंबऱ्यावर सुनेने त्याचा बूट काढला. पहिल्याच पावलाला खांदे कानांना भिडले, जमिनीवरच्या लोकरी नमद्यावर कुबड्या घसरल्या आणि तो चौकट धरून लोंबकळला. आत चाळीस पाहुणे, समोर मेंढीचं मुंडकं निवत चाललेलं. तो बसल्याशिवाय कोणी सुरी लावेना.

"बूट घाल गं मला!"

"अन्नाजवळ बूट?" त्याची आत्या ओरडली. "लाज विकलीस का रे?"

त्याची नजर दाराशी बसलेल्या झूराकानवर गेली. "ह्या लांब झाल्यात. तू मुद्दाम..."

"हो, मुद्दाम." तिने पिशवीतून करवत काढली. "तीन बोटं कापते. आधी सांग, माझी खुर्ची कुठे गेली?"

"पोराचं लग्न आहे, बाई!"

"म्हणून तर आज."

तो काहीतरी पुटपुटला.

"व्याह्यांना ऐकू आलं नाही."

"मी नेली! सही मी केली! झालं समाधान?"

"अजून नाही," ती म्हणाली आणि कापायला बसली. सगळ्यांसमोर, सावकाश. नवा गालिचा भुशाने भरला. टोकाचं घरातलं पातळ रबर पुन्हा ठोकून तिने कुबड्या त्याच्या काखेत दिल्या. "जा. घरात नीट चालशील. बाहेर बूट घातलेस की वाकूनच चालावं लागेल. गट्टू मी देणार नाही."

सातीबाल्दी एकटाच मानाच्या जागेपर्यंत गेला. वडीलधारा आत आला की सगळे उठतात. त्या दिवशी व्याही बसूनच राहिले, मग बाकीचेही.

झूराकानने करवत पुसली आणि पेला पुढे केला. "सूनबाई, चहा ओत. गरम दे हं."