नाकातला तीळ

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे टेमघरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच नाकात, आतल्या बाजूला, काळा डाग निघाला. काल्हेरच्या गोडाऊनात माल तपासायच्या कामावर मी वर्षानुवर्षं धूळ खाल्ली, त्यामुळेच नाक चोंदतंय असं मी धरून चालले होते. डॉक्टरांनी दुर्बीण आत घातली आणि पडद्यावर मला तो डाग दाखवला. ओल्या गुलाबी कातडीवर काजळाचं बोट टेकल्यासारखा होता.

"बहुतेक साधा तीळ असेल," ते म्हणाले. "पण नाकाच्या आत असे डाग फार क्वचित दिसतात. आणि काळा डाग नुसता बघून सोडता येत नाही, कॅन्सरही कधीकधी असाच दिसतो. काढून तपासायला पाठवू. सोबत कोण आलंय?"

"मी आलेय की," मी म्हणाले. नर्स हसली. मला काही हसू आलं नाही.

डाग काढला. नाकात बोळा घेऊन मी रिक्षाने एकटीच घरी आले. मुलगा बंगळुरूला असतो. त्याचा फोन आला तेव्हा माझा आवाज गेंगाणा येत होता, म्हणून सर्दी झालीय असं सांगितलं. रिपोर्ट वाईट आला तरच त्याला कळवायचं, असं मी ठरवलं होतं. उगाच लेकराच्या जिवाला घोर कशाला?

पण रिपोर्ट येईपर्यंत घर खायला उठलं. मागच्या गल्लीतले कापडाचे लूम दिवसभर खडखडायचे आणि घरात बोलायला कुणी नाही, भांडायलाही नाही. मग मला एक खूळ सुचलं. रिपोर्ट वाईट आला, तर मुलगा रजा टाकून येणार, राहणार. मी त्याची गादी गच्चीवर उन्हात टाकली. खारबावच्या बहिणीकडून सुके बोंबील आणले, डोकी काढून, साफ करून डब्यात भरले. मरणाची भीती होतीच, खोटं कशाला बोलू? पण गादी झटकताना मी चक्क खुशीत होते.

रिपोर्ट चांगला आला. "साधा तीळच निघाला, आता काळजी सोडा," डॉक्टर म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत तो आनंद टिकला. खाली रस्त्यावर आले आणि मला रडूच फुटलं, कारण आता मुलाला बोलवायला माझ्याकडे काहीच कारण उरलं नव्हतं.

तिथूनच त्याला फोन लावला.

"चार दिवस ये ना रे घरी."

"का? काय झालं, आई?" त्याचा आवाज एकदम घाबरला.

"काय झालं न्हाय. मी बरी हाय."

"मग?" त्याने विचारलं.

"मग काय न्हाय," मी म्हणाले.