नलिनीताई आणि खराब ठरलेला स्विच

मी आज जो काही आहे, तो नलिनीताईंमुळे. सव्वा महिन्यापूर्वी सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला, "आई गेली"... आणि मी हातातली केबल तशीच धरून बसून राहिलो.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. सिहोऱ्याच्या बाजारात वडील पोती शिवायचे. पदवी घेऊन जबलपूरला आलो तेव्हा नेटवर्क स्विच, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणारी पेटी, मी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती. ताई रांझीच्या कारखान्यातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन एका खासगी परीक्षा केंद्राचं नेटवर्क सांभाळत. मला तिथे त्यांनीच घेतलं, सहा महिन्यांच्या बोलीवर. शिकवताना त्या कीबोर्डला हात लावत नसत. मागे हात बांधून उभ्या राहत आणि मला करू देत. नियम एकच: बदल आधी तपासायचा, मगच सेव्ह करायचा. तोवर काही बिघडलं तर स्विच बंद करून चालू केला की जुनी मांडणी परत येते.

केंद्रात प्रायव्हेट व्हीलॅन बसवायचं होतं. म्हणजे प्रत्येक परीक्षार्थीचा संगणक पेपर ठेवलेल्या सर्व्हरशी बोलेल, पण शेजारच्या संगणकाशी नाही. मी स्विचचे सगळे पोर्ट, म्हणजे केबल जोडायच्या जागा, एकमेकांपासून तोडले, आणि त्या ओघात सर्व्हरचाही. सरावाच्या दिवशी एकाही संगणकावर पेपर उघडेना. मी केलेले बदल लिहिलेला कागद ताईंनी पाहिला आणि त्या हसल्या. "अरे, पोरांनी आपसात बोलू नये. तू मास्तरचं तोंड काहून बांधून राहिला?" मग हळूच विचारलं, सेव्ह तर केलं नाहीस ना? मी केलं होतं, न तपासता. नोकरी जाईल या भीतीने म्हणालो, "नाही, ताई."

त्या निर्धास्तपणे केंद्राच्या व्यवस्थापकांकडे वळल्या. "भैया, दो मिनट. बंद करके चालू करते हैं, पुराना लौट आएगा." स्विच चालू झाला... चूक तशीच. "दीदी, आपका ज़माना टेलीफोन का था," व्यवस्थापक सगळ्यांसमोर म्हणाले. माझ्या शेजारी बसून एकेक ओळ सांगत ताईंनी माझ्याकडूनच ते दुरुस्त करून घेतलं. परीक्षा झाल्यावर, या स्विचच्या जुनी मांडणी लक्षात राहत नाही असं म्हणत, ताईंनी तो कपाटात ठेवून दिला. मी नोकरीत पक्का झालो, पुढे त्यांच्याच जागी आलो. गप्प राहिलो.

शेवटची भेट त्यांच्या महाराजपूरच्या घरी. ताई फार थकल्या होत्या. सिहोऱ्याची खुशाली विचारता विचारता मध्येच म्हणाल्या, "किशोर, त्या दिवशी माझं काय चुकलं रे? अजून नाही समजलं." इतकी वर्षं त्या स्वतःलाच तपासत होत्या. समोर बसून सांगायचं धैर्य तेव्हाही झालं नाही. दोन दिवसांनी पत्र टाकलं. ते त्यांनी चष्मा मागवून स्वतः वाचलं, एवढं मुलीने सांगितलं. पुढचं मी विचारलं नाही.

"ती. नलिनीताई, सा. नमस्कार.

तुमचं काही चुकलं नव्हतं. मी न तपासता सेव्ह केलं होतं आणि तुम्हाला खोटं सांगितलं. आज तो स्विच कपाटातून काढला, एक बदल केला आणि सेव्ह न करता बंद करून चालू केला. जुनी मांडणी परत आली. दोनदा करून पाहिलं. मग व्यवस्थापकांना बोलावून सगळ्यांसमोर खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, 'दीदी को बताया?'

म्हणून लिहायला बसलो.

तुमचा,
किशोर"