बुटकीचा शेजारी

माझी थोरली जाऊ डूख धरण्यात नागिणीला मागे टाकेल. लग्न होऊन मी या घरात आले त्याच महिन्यात माझ्या हातून तिच्या आवडत्या कपाचा कान तुटला. "असू दे गं," म्हणाली. त्यानंतर अकरा वर्षं मला चहा त्याच बिनकानाच्या कपातून. बोटं भाजली तर फुंकर घालायची, पण कप तोच! आणि ती "बरं" म्हणाली की समजावं, आता कुणाची तरी धडगत नाही.

आम्ही दोघी गव्हाची नवी वाणं तयार करणाऱ्या केंद्रात कामाला होतो. ओळीनं पेरायचं, पाट्या लावायच्या, पाणी द्यायचं, ओंब्या मोजायच्या. माझं लक्ष घड्याळाकडे, तिचं ओळींकडे. मोठ्या साहेबांचं एक लाडकं वाण होतं, आम्ही त्याला उंचाडा म्हणायचो. चाचणीच्या शेतात वीस वाणं शेजारी शेजारी, दर तुकड्यात वेगळ्या क्रमाने असायची आणि दरवर्षी पहिला नंबर उंचाड्याचाच. थोरलीच्या डोक्यात मात्र किडा शिरला. कोण कुणाच्या शेजारी उभं होतं आणि कुणाला किती दाणे आले, हे तिने तीन हंगाम एका वहीत लिहून ठेवलं. उंचाडा भरभरून यायचा तो एकाच वाणाच्या शेजारी. ते वाण ठेंगणं, बारीक पानांचं, वजनात कायम शेवटून दुसरं. तिने त्याचं नाव बुटकी ठेवलं होतं.

"उंचाडा शेजाऱ्याचं ऊन ओरबाडतो," कांदा चिरता चिरता ती मला सांगायची. "बुटकी आपल्यापुरतं घेते, भांडत बसत नाही. हे त्यांच्या रक्तातच असतं गं, बियाण्यातून पोराबाळांत उतरतं. सगळा उंचाडाच पेरला तर एकमेकांच्या उरावर बसतील मेले. पण एक ओळ उंचाडा, एक ओळ बुटकी लावली, की दोघांचं मिळून वजन बघ किती भरतं."

"मग सांगा की साहेबांना," मी म्हटलं. जळली माझी जीभ!

केंद्र बघायला वरून मोठी माणसं आली होती, त्या दिवशी ती वही घेऊन पुढे झाली. साहेबांनी एक पान उलटलं न उलटलं आणि पाहुण्यांकडे बघून हसले. "बाई गव्हाला शेजारधर्म शिकवायला निघाल्यात! अहो बाई, विचार करायला आम्ही आहोत. तुम्ही पाणी घाला." सगळे फिदीफिदी हसले. वर हुकूम सुटला: पुढच्या हंगामात मोठ्या शेतात नुसता उंचाडा, आणि ते खुरटं बी कोंबड्यांना घाला.

"बरं, साहेब," थोरली म्हणाली.

झालं! मला वाटलं, ही आता पीक जाळणार. माझीही तयारी होती, खोटं कशाला बोलू! "चार दिवस पाणी तोडू या," मी सुचवलं. तिने माझ्या हातावर फटका मारला. "खबरदार! बोट ठेवायला एवढीशी जागा ठेवायची नाही. त्याचं त्याला मिळू दे." आणि तिने तो उंचाडा पोटच्या पोरासारखा वाढवला. वेळेवर पाणी, वेळेवर खत, औषधालाही तण नाही. पाण्याच्या नोंदवहीवर रोज संध्याकाळी साहेबांची सही घ्यायची. इतक्या इमानाने उगवलेला सूड मी तरी जन्मात पाहिला नाही.

उंचाड्याला शेजारी उंचाडाच. जो तो दुसऱ्याच्या डोक्यावरून ऊन गाठायला निघाला. नुसती पानं आणि लांबच लांब काड्या! दाणा भरायच्या वेळी दोन दिवस वारा सुटला आणि अख्खं शेत आडवं झालं. पाहुणे पुन्हा आले तेव्हा साहेब म्हणाले, "बायकांनी पाण्यात हयगय केली." थोरली नोंदवही घेऊन हजरच होती. पानामागून पान उलटून दाखवलं, प्रत्येकावर त्यांचीच सही.

"मी फक्त पाणी घातलं, साहेब," ती म्हणाली. "विचार तुमचा होता."

आईशप्पथ, काळजाला गार वाटलं मला. साहेबांची बढती गेली, खुर्ची तेवढी राहिली. उंचाडा बाद झाला, त्याचं बी नष्ट करा म्हणून वरून कागद आला. मग एके दिवशी साहेब गोदामात आले आणि हळूच म्हणाले, "बाई, त्या बुटक्या वाणाचं थोडं बी असेल का?"

"कोंबड्यांनी खाल्लं, साहेब."

धडधडीत खोटं! डबाभर बी आमच्या माळ्यावर होतं.

पाच वर्षं मी तिच्या विनवण्या केल्या. "ताई, काढा तो डबा." एकच उत्तर, "तो खुर्चीत असेपर्यंत नाही. माझ्या बुटकीवर स्वतःचं नाव लावेल मेला." पाच उन्हाळे डबा तापत्या पत्र्याखाली पडून राहिला.

साहेब निवृत्त झाले. नव्या बाईसाहेबांनी थोरलीची वही उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचली. म्हणाल्या, "दोन्ही वाणं शेजारी शेजारी लावून दाखवा. खरं ठरलं तर बुटकीच्या पाटीवर तुमचं नाव." थोरली तरंगतच घरी आली. डबा काढला, शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधले. चौथ्या दिवशी फडकं सोडलं तर मोड आलेले दाणे चार.

"माझ्याच हाताने मारलं गं मी तिला," म्हणून ती तिथेच जमिनीवर बसली.

अख्खा डबा भिजवून मूठभर रोपं वाचली. त्यांचं बी वाढवता आलं असतं. पण ओरबाडणारा शेजारी असल्याशिवाय बुटकीचा गुण दिसणार कसा? उंचाड्याचा दाणा केंद्रात उरला नव्हता. उरला असेल तर एकाच घरी.

आम्ही दोघी गेलो. साहेब बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांच्या मागे फळीवर काचेची बरणी, काठोकाठ गहू, वर त्यांच्याच अक्षरात उंचाड्याचा केंद्रातला नंबर. थोरलीने उभ्या आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नव्हती, ती घातली. "साहेब, मूठभर उंचाडा हवा होता. शेवटचं मागणं समजा."

साहेबांनी सावकाश चष्मा पुसला.

"कोंबड्यांनी खाल्लं, बाई."

बरणी आम्हाला दिसत होती, आणि दिसतेय हे त्यांनाही ठाऊक होतं. थोरलीने बरणीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"बरं, साहेब," ती म्हणाली, आणि या खेपेला धडगत नव्हती ती तिचीच.